सर्व्हर सांभाळा, नेटवर्कच्या नादी लागू नका

सर्व्हर ॲडमिनची नोकरी लागली ना? अभिनंदन. थोडंफार लिनक्स येत असलं की भागतं. नेटवर्क बघायचं नेटवर्कवाल्यांनी. आपल्या ऑफिसात ते वेगळे कुणी नाहीत, हे तूर्त कुणाच्या कानावर घालू नका.

ऑफिसला राउटरच्या खोक्यातून आलेली १९२.१६८.१.० हीच आयपी पत्त्यांची रेंज ठेवा. खासगी वापरासाठी १० ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते राखीव आहेत, पण निवडत कोण बसणार? मग साहेब घरून व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा खासगी बोगदा, लावतील. 'कनेक्टेड' दिसेल, सर्व्हर मात्र उघडणार नाही. साहेबांच्या घरच्या वायफायचीही रेंज तीच, त्यामुळे सर्व्हरकडे निघालेलं डेटाचं पॅकेट बहुधा उंबरठाच ओलांडत नाही, हॉलमधल्या टीव्हीला जाऊन भिडतं. तुम्ही म्हणा, "सर, तुमचं नेट स्लो आहे."

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' यांत फरक करू नका. पहिल्यात समोरून नकार तरी आलेला असतो, बहुतेक वेळा त्या पोर्टवर (सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारावर) सर्व्हिसच चालू नसते. दुसऱ्यात उत्तरच नाही, म्हणजे फायरवॉल (ये-जा अडवणारा पहारेकरी) किंवा राउटिंग (पॅकेटचा रस्ता) बघायला हवं. एवढं कळलं तर शोध पाच मिनिटांत संपेल आणि ओव्हरटाइम बुडेल. त्यापेक्षा पिंग करा, म्हणजे मशीनला 'जिवंत आहेस का?' एवढंच विचारा. पिंगला पोर्ट नावाची भानगडच ठाऊक नसते, वेबसाइट मेलेली असली तरी तो बिचारा हसतमुखाने उत्तर आणतो.

सर्व्हर हलवताना डीएनएसचा (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या वहीचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, ८६४०० सेकंदच राहू द्या. आदल्या दिवशी तो ३०० वर आणणारे लोक भित्रे. रेकॉर्ड बदलला की जुना सर्व्हर लगेच बंद करा. पुढचे २४ तास निम्म्या ग्राहकांना साइट दिसेल, निम्म्यांना नाही. कुणी विचारलं तर गंभीर चेहऱ्याने सांगा, "प्रोपगेशन चालू आहे," म्हणजे नवा पत्ता पसरतोय. या मंत्रापुढे भलेभले गप्प बसतात.

फायरवॉलला हात घालायचा तो शुक्रवारी संध्याकाळी. सर्व्हर मुंबईत, तुम्ही नाशकात, एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हर चालवायच्या वाटेने, आत शिरलेले. आधी 'सगळं ड्रॉप' (येणारं सगळं अडवा) लावा, एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट नंतर उघडू. एंटर दाबलात की कर्सर जागच्या जागी थिजतो. आता उघडणार कुठून? वाईट वाटून घेऊ नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या देखभालीतल्या एका कमांडने त्यांची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली, पाठोपाठ डीएनएसचे रस्तेही इंटरनेटवरून गायब झाले. सुमारे सहा तास सगळं ठप्प. त्यांच्याच इंजिनिअरना आत पोचायला वेळ लागला. तिथे तर नेटवर्क कळणारी माणसं होती!

तुम्ही फक्त डेटा सेंटरला फोन करून मशीन रीस्टार्ट करायला सांगा. आयपीटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे, नियम सेव्ह केले नसतील तर रीस्टार्टमध्ये उडून जातात, आणि ते सेव्ह करावे लागतात हे तुम्हाला कुठे माहीत होतं? सर्व्हर परत येईल. सोमवारच्या रिपोर्टमध्ये लिहा: नेटवर्क इश्यू, ॲडमिनच्या तत्परतेमुळे सेवा पूर्ववत.