शिबिर भरवा, आडनाव विचारा

10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, आणि यंदा तुमच्या मंडळाने अल्पसंख्याक बांधवांसाठी शिबिर घ्यायचं ठरवलंय हे कळलं. ऊर भरून आला. 'बांधव' हा शब्द मात्र सोडू नका. बांधव म्हटलं की शेजारी म्हणावं लागत नाही.

अल्पसंख्याक म्हणजे नेमके कोण, यात डोकं शिणवू नका. सरकारी यादीत मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी, जैन असे सहा आहेत. तुम्हाला पटकन एकच आठवला ना? पुरे, बॅनर तेवढ्यावर भागेल. बौद्ध मंडळींना बोलावणार असाल तर जरा जपून. शिबिरानंतर तीनच दिवसांनी बाबासाहेबांच्या येवल्याच्या धर्मांतर-घोषणेचा दिवस येतो, 13 ऑक्टोबर 1935. त्याआधी 2 मार्च 1930 पासून इथेच नाशकात, काळाराम मंदिराच्या दारात, दलित माणसं आत जाऊ द्या म्हणून वर्षानुवर्षं उभी होती. अशा उभं राहण्याने मनाचं काय होतं, असं कोणी विचारलंच तर लगेच चहा आणायला सांगा.

हॉल गंगापूर रोडवरचाच घ्या. वडाळ्यात किंवा भद्रकालीत घेतला तर लोक येतील ना! वार कामाचा, वेळ सकाळी अकराची. अंबड-सातपूरला रोजंदारीवर जाणाऱ्याचा खाडा होईल, पण मनःशांतीपुढे एका रोजाचं काय एवढं.

आलेल्यांना आधी दीर्घ श्वास घ्यायला लावा. एखादा म्हणेल, 'दिल घबराता है, रात को नींद नहीं आती.' माना डोलवा, पण कारण विचारू नका. कारण विचारलं की गाडी भलतीकडे जाते. देशात कुठेही काही झालं की त्या रात्री बाप पोराला सांगतो, फोनमध्ये काही ठेवू नकोस. वर्गातली पोरं त्याच पोराला 'पाकिस्तान' म्हणून हाक मारतात आणि सर हसतात. हे सगळं बाहेर आलं तर व्यासपीठावरच्या दोघातिघांना खोकल्याची उबळ येईल. श्वासाचं तसं नाही. तो ज्याचा त्याने घ्यायचा असतो.

दर्ग्यात धागा बांधणाऱ्यांवर चांगली दहा मिनिटं बोला. (तुमच्या मनगटावरचा दोरा आधी बाहीत सरकवा.) उदाहरण तमिळनाडूतल्या एरवाडीचं द्या. 6 ऑगस्ट 2001 ला दर्ग्याजवळच्या एका आश्रमात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण गेले. उदाहरण खरं आहे आणि अंगावर काटा आणणारं आहे. फक्त एरवाडीला सगळ्याच धर्मांचे लोक आपली माणसं नेत, एवढं सांगायचं राहून गेलं तर राहू द्या.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याबद्दल बोलायला वेळ उरणार नाहीच. सरकारी सेवेत उपचार मिळणं हा हक्क आहे, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखालचा माणूस मानायचं, हे कळून त्यांनी करायचं काय? 14416 हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबरही बॅनरच्या तळाशी, प्रायोजकाच्या लोगोखाली टाका. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठी-हिंदीतून बोलता येतं आणि पलीकडच्या माणसाला तुमच्या गल्लीशी काही देणंघेणं नसतं. सगळेच तिकडे फोन करायला लागले तर तुमच्या शिबिरात फोटोला कोण बसणार?

आणि फोटो हवेतच. पहिल्या रांगेतल्या बायकांचे, जवळून. खाली 'लाभार्थी' लिहून ग्रुपवर टाका. आपली सून वेड्याच्या डॉक्टरकडे बसली होती, हे सासरी संध्याकाळपर्यंत पोहोचेल आणि ती पुन्हा फिरकणार नाही. पुढच्या वर्षी नवे लाभार्थी!

समुपदेशक बाई मात्र तुम्ही शोधून काढलीत ती खरंच उत्तम. त्यांच्यातलीच, शिकलेली, मराठी तर तुमच्या-माझ्यापेक्षा स्वच्छ. शाल-श्रीफळ द्या, रिक्षापर्यंत सोडायला जा. गेटवरचा 'टू-बीएचके भाड्याने देणे आहे' हा बोर्ड वाचून त्या थबकतील, सहा महिने घर शोधतेय म्हणतील. आडनाव तर तुम्हाला पत्रिका छापतानाच कळलंय. फ्लॅट कालच गेला, असं सांगा. आणि बोर्ड त्या गेल्यावर तरी काढा. मागच्या वेळी विसरला होतात.