साहेबाची उचल

परदेशी कामाला जायचं ठरवलंय? चांगलं केलंत. दसरा झाला की निम्मा बीड जिल्हा असाही ऊसतोडीला गाव सोडतोच, कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. तुमचा फड जरा लांब आहे, एवढंच. तेव्हा निघण्याआधी दोन गोष्टी ऐकून जा. मी सांगायचे पैसे घेत नाही, म्हणून पटणार नाहीत कदाचित.

सगळ्यात आधी कुशल व्हा. कुशल म्हणजे हाताला काम येणारा, असा समज केज-धारूरकडं अजून आहे. तो सोडून द्या. ब्रिटनच्या हिशेबात कौशल्य पगारपत्रकात असतं. २०२३ साली वर्षाला २६,२०० पौंड देणारा मालक भेटला की बहुतेक धंद्यांत माणूस कुशल ठरायचा. ४ एप्रिल २०२४ ला तो आकडा एका रात्रीत ३८,७०० झाला, २२ जुलै २०२५ ला ४१,७००. रुपयांत बघाल तर अर्ध्या कोटीच्या आसपास. त्याच दिवशी काम पदवीच्या तोडीचं हवं, अशीही अट आली. त्यामुळं २१ जुलैचा आचारी कुशल, आणि २२ तारखेचा त्याचा सख्खा भाऊ अकुशल. कढई तीच, फोडणी तीच. म्हणून सांगतो, कोर्सबिर्स करण्यात वेळ घालवू नका, तारीख बघून निघा.

कमी पगारातही चालणाऱ्या कामांची एक यादी असते, तीही बघत चला. २०२४ च्या यादीत बॅले नाचणारे होते आणि शर्यतीच्या घोड्यांची निगा राखणारेही होते. आपल्याकडं वरातीत घोडी नाचवणाऱ्याच्या अंगात ही दोन्ही कौशल्यं एकदमच असतात, पण त्याच्यापर्यंत कोणी फॉर्म पोचवला नाही.

आखातात जायचं असेल तर दहावीत नापास व्हा. चेष्टा नाही. १९८३ च्या कायद्यानुसार दहावी नापास माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘सोडण्याआधी तपासा’ असा शेरा लागतो, आणि आखातासह १८ देशांत कामाला जाताना सरकार त्याचा करार, पगार, विमा तपासून मगच सोडतं. पास झालात की तपासणी संपली. फसायला लागणारी किमान शैक्षणिक पात्रता तुम्ही मिळवलेली असते.

आता पैशाचं. ऊसतोडीची टोळी जमवणारा आपला मुकादम कितीही वंगाळ असला तरी कामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. लाखभर रुपये हातावर ठेवतो, मग बांधतो. फिटली नाही की पुढच्या हंगामाला परत तोच मुकादम, तीच टायरगाडी. साहेबाच्या देशात ही रीत सुधारून घेतलीय. तिथं उचल तुम्हीच द्यायची, आणि बांधलेलंही तुम्हीच राहायचं. नोंदणीकृत एजंटानं ३०,००० रुपये आणि वर जीएसटी याहून जास्त घेऊ नये असा आपल्याकडं नियम आहे, आणि एजंट तो पाळतो. पावती तेवढ्याचीच देतो. बाकीचं फाईलचं, मेडिकलचं, ‘वरच्या माणसाचं’. ब्रिटनमध्येही ३१ डिसेंबर २०२४ पासून स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटची, म्हणजे ‘हा माणूस मी कामाला घेतोय’ या मालकाच्या हमीची फी मालकानं कामगाराच्या माथी मारायची नाही, असं ठरलंय. सर्टिफिकेट म्हटल्यावर फ्रेम करून बैठकीत लावायचं मनात आणू नका. तो कागदही नसतो, नुसता कॉम्प्युटरवरचा नंबर असतो.

माझ्या मावसभावानं हा नंबर २०२३ मध्ये घेतला. पोरगा नर्सिंगचा जीएनएम कोर्स झालेला, लातूरच्या दवाखान्यात रात्रपाळ्या काढलेला. तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, धुवायचं, गोळ्या द्यायच्या. कागदावर आठवड्याचे ३९ तास, पोचल्यावर मिळाले चौदा. एका घरी पंधरा मिनिटं, तिथून दुसऱ्या घरी अर्धा तास गाडी, आणि पगार फक्त त्या पंधरा मिनिटांचा. आपल्याकडं मजूर फडात आला नाही तर खाडा धरतात. इथं काम मालकानं दिलं नाही आणि खाडा पोराच्या नावावर.

मग सोड की, म्हणालो फोनवर. तो हसला. नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर सामान भरायचं. साठ दिवसांत मालक काय, लग्नाला धड स्थळ सापडत नाही. त्यामुळं तक्रार करू नका, हा माझा तुम्हाला मनापासून सल्ला. तक्रार खरी निघाली तर मालकाचं लायसन जातं आणि त्यासोबत तुमचा व्हिसाही.

बायकापोरांचा विचार आताच संपवा. उसाला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धीच. साहेबाला मात्र अर्धाच कोयता आवडला: ११ मार्च २०२४ पासून केअरच्या कामाला नव्यानं येणाऱ्यानं कुटुंब आणायचं नाही. आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवा अर्धा कोयताही नको म्हणाला. म्हातारे तेवढेच आहेत, उठवायचे तसेच आहेत.

अमेरिकेचा विचार करत असाल तर सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या कामाच्या व्हिसाच्या, एच-वन-बीच्या, बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. तेवढे असतील तर आधी गावातलं गहाण पडलेलं शेत सोडवा.

परवा मावशीकडं गेलो होतो. ओसरीवर शेजारचा मुकादम बसलेला, टोळी जमवायला निघालेला. चहा बशीत ओतता ओतता त्यानं विचारलं, “पोराला सायबानं किती उचल दिली म्हणायची?”

मावशी म्हणाली, “त्यो कशाची देतंय? आमीच दिली की त्येला. दोन एकर इकलं.”

मुकादमानं बशी खाली ठेवली. “म्हंजी मजुराकून पैसे घ्यायचे, आन् कामाला बी त्यालाच लावायचं?”

“हाव.”

“आन् पळून नाही जात?”

“कुटं जातंय? कागद मालकाकडं हाय.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग खिशातून उचलीची वही काढली, कोरं पान उघडलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “भाऊ, त्या एजंटाचा नंबर सांगा बरं.”