घराणं उभारताय की जनगणना करताय?

चिनी कल्टिव्हेशन कादंबऱ्यांतलं (म्हणजे साधना करत पायरी-पायरीनं अमरत्वाकडे जायच्या गोष्टींतलं) हे घराणं उभारायचं प्रकरण सुरुवातीला कसलं भारी असतं! एक फुटकळ डोंगर, चार वाफे दिव्य तांदूळ, पहिल्याच पायरीवर म्हातारा झालेला कुलप्रमुख. पुढच्या पायरीवर नेणारी फाउंडेशनची गोळी एकच. थोरल्या नातवाला द्यायची की हुशार पुतणीला? त्यावर अख्खं प्रकरण, आणि आपला जीव टांगणीला!

आणि मग? म्हाताऱ्याचा गोल्डन कोअर झाला, म्हणजे तो त्याच्याही वरच्या पायरीवर पोचला, की घराणं गेलं उडत. पोरांचं स्पिरिट रूट, म्हणजे साधनेची जन्मजात कुवत, तपासायचं. चांगलं निघालं तर नाव मिळणार, नाहीतर थेट शेतावर. बायका? लग्न करून आल्या, बाळंत झाल्या, गायब! अहो, त्या पुतणीचं झालं काय? साहेब शंभर वर्षं गुहेत ध्यानाला बसतात, बाहेर येतात तर अख्खी पिढी एका परिच्छेदात वारलेली. रडायचं तरी कुणासाठी? नावं पाठ व्हायच्या आत श्राद्ध! वर शेजारच्या घराण्यातला तोच माजोरडा पोरगा, तोच लिलाव, तीच ‘माझा बाप कोण आहे माहितेय का?’ची टेप. ही टेप ऐकायचे पैसे मात्र दर प्रकरणाला वेगळे मोजा!