आणे, नवे पैसे आणि १९५९ ची वही : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरातल्या जुन्या हिशेबाच्या वह्या कशा वाचाव्यात, या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, तीन आण्यांचे १८ पैसे धरले ते चूक, १९ हवेत. दोन, नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, मग १९५९ च्या वहीत आणे कसे? ती नोंद कुणीतरी मागाहून 'आठवणीतून' लिहिली असणार. पहिला आक्षेप अर्धा मान्य, दुसरा साफ अमान्य.

रुपयाचे आणे १६, जुने पैसे ६४, पया (पै हे त्याहून लहान नाणं) १९२. त्याच रुपयाचे १०० नवे पैसे केल्यावर आणा पडला सव्वासहाला, आणि वरच्या पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून जवळचा पूर्ण पैसा धरायचा आणि नेमका अर्धा आला तर सोडायचा, असं ठरलं. त्यामुळे एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. तक्ता तुमचा बरोबर आहे. पण लेखातल्या उदाहरणात मेथी, मिरच्या, लिंबं अशा एकेक आण्याच्या तीन वेगळ्या नोंदी होत्या. तिन्ही वेगवेगळ्या घेऊन प्रत्येकीचे नव्या नाण्यांत सहा-सहा दिले तर १८ च होतात. एकाच दुकानात एकदम चुकते केले तर १९. जुन्या एका पैशाचे तर २ नवे पैसे होत, म्हणजे पैशा-पैशाच्या चार वस्तू सुट्या घेणाऱ्याला ६ ऐवजी ८ मोजावे लागत. रूपांतर बेरजेचं करायचं की नोंदीचं, हे आधी ठरवावं लागतं. 'आणा म्हणजे सहा पैसे' असं मी सरसकट गुणाकारासारखं लिहिलं, ती चूक माझीच.

आता १९५९. नवी नाणी आली त्या दिवशी जुनी बाद झाली नाहीत. काही वर्षं दोन्ही शेजारी-शेजारी चालली. चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली तर २५ आणि ५० पैशांना तंतोतंत बसत, म्हणून 'चार आणे', 'आठ आणे' हे शब्द पुढे कितीतरी वर्षं तोंडात राहिले. (२५ पैशांचं नाणं बाद झालं ते थेट ३० जून २०११ ला.) वही लिहिणाऱ्याची सवय सरकारी तारखेला बदलत नसते. उलट बाजूने मात्र तारीख कामाची आहे: 'न. पै.' (नवे पैसे) दिसलं की ती नोंद १९५७ च्या आधीची नाही. 'नवा' हा शब्द १ जून १९६४ पासून अधिकृतपणे गळला, पण लिहिणारे पुढेही लिहीत राहिले असतील, म्हणून 'न. पै.'ची नोंद १९६४ च्या आधीचीच, असं पक्कं धरू नका.

खरी फसगत होते ती वेगळीकडेच. रकान्यात रुपये-आणे अशा क्रमाने ०-३-६ असेल तर शेवटचा आकडा बहुधा पयांचा असतो, पैशांचा नव्हे. बारा पयांचा आणा, चार पैशांचा आणा. म्हणून त्या रकान्यात ४ ते ११ मधला एकही आकडा सापडला तर त्या पयाच. मग ०-३-६ म्हणजे साडेतीन आणे, २२ नवे पैसे. आणे आकड्यांऐवजी रेघांनी मांडले असतील तर उभी रेघ पावलीची, आडवी किंवा तिरकी आण्याची: ५॥।= म्हणजे पाच रुपये चौदा आणे. शाई पुसटली की पहिली जाते ती आडवी रेघ, म्हणून पानाखालची बेरीज पडताळल्याशिवाय एकही आकडा उतरवू नये. वही मराठवाड्यातली असेल तर रुपया हाली सिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा, आहे का तेही बघा. ते ७ म्हणजे इकडचे, ब्रिटिश हिंदुस्थानातले, ६.

शेराबद्दल जाता-जाता विचारलंत. ८० तोळ्यांचा पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, पण धान्याचा शेर हे माप असे, वजन नव्हे. शेरभर पोहे आणि शेरभर डाळ एकाच तागडीत घालू नका.

लेखातलं आण्याचं वाक्य बदलतो आहे. १९५९ ची नोंद आहे तशीच राहील.