तिसरी निळी टिक कुणी पाहिलीय?

परवा बाबांनी कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद सोडलं. शिवाय ‘गुरुवार झाला, आज शुक्रवारीही नळ कोरडाच, उत्तर कोण देणार?’ हा स्वतःचा मेसेजही पुसून टाकला. कारण आत्याकडून आलेलं फॉरवर्ड: ‘डिजिटल नागरिकांसाठी उद्यापासून नवे नियम. सगळे कॉल रेकॉर्ड होणार. तीन निळ्या टिक म्हणजे मेसेज सरकारने वाचला, तीन लाल म्हणजे समन्स निघालं. सदस्याने काहीही टाकलं तरी ॲडमिन आत.’

हा ‘उद्या’ नेमका कुठला, ते कधीच लिहिलेलं नसतं. मी हे चौथ्यांदा तरी वाचतोय. व्हॉट्सॲपवर टिक जास्तीत जास्त दोनच. लाल टिक नाहीच. कॉल आणि मेसेज २०१६पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाच ते वाचता-ऐकता येत नाहीत. केंद्र सरकारच्याच पीआयबी फॅक्ट चेकनेही हा मजकूर खोटा ठरवलाय. विषय संपला.

खरा चीड आणणारा मुद्दा ॲडमिनचा, कारण बाबा घाबरले ते त्यालाच. गोंदियातल्या एका ग्रुपमध्ये एका सदस्याने महिलेबद्दल आक्षेपार्ह लिहिलं आणि गुन्हा ॲडमिनवरही दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. ॲडमिन सदस्य घेऊ शकतो, काढू शकतो. पण कोण काय टाकणार हे त्याला आधी कसं कळणार? दोघांचा मिळून कट नसेल, तर दुसऱ्याच्या पोस्टची शिक्षा त्याला नाही. निकाल मराठी मुलखातला, तरी आमच्या ग्रुपमध्ये तो एकदाही फिरला नाही!

आता भीती अगदीच हवेतली नाही, हे मानतो. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टपायी अटक झालीच होती; दुसरीने तर ती फक्त लाइक केली होती. पण त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. द्वेष पसरवला तर आजही गुन्हा होतो, ते वेगळं. नळाला पाणी नाही म्हणणं त्यात कुठे बसतं?

आणि ‘डिजिटल नागरिक’ म्हणजे तोंड मिटून बसणारा, हे कुणी ठरवलं? मॉसबर्गर, टॉल्बर्ट आणि मॅकनील या अभ्यासकांनी २००८ सालीच डिजिटल नागरिकत्व म्हणजे ऑनलाइन समाजजीवनात भाग घेण्याची क्षमता, असं मांडलं. बाबांचा पुसलेला मेसेज नेमका तेच करत होता.

बाबांच्या जागी आता वरच्या मजल्यावरचे काका ॲडमिन झालेत. त्यांनी पहिला मेसेज टाकला तो म्हणजे आत्याचं तेच फॉरवर्ड, खाली चार जोडलेले हात.