हुंदका, उचकी आणि फुस्स

सिग्नलला गाडी थांबली आणि स्टिअरिंगवरची माझी बोटं थरथरायला लागली, तेव्हा पहिली शंका मला स्वतःच्या तब्येतीची आली. वय, रक्तदाब, अपुरी झोप, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग लक्षात आलं की आरशात मागची गाडीही थरथरतेय आणि डॅशबोर्डवरचा चष्मा हळूहळू माझ्याकडे सरकतोय. म्हणजे आजारी मी नव्हतो. हा आनंद सिग्नल सुटेपर्यंत टिकला. हिरवा दिवा लागला, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि पहाटे शाळेसाठी उठवलेल्या पोरासारखं गाडीने नुसतं ‘हं’ केलं, कूस बदलली आणि परत झोपली. मागच्या सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवले तेव्हा कुठे उठली.

मराठीला आवाजांचा तोटा नाही. घरघर, खरखर, कुरकुर, फुरफुर, धडधड, खडखड. एकेका आवाजाला त्याचा हक्काचा शब्द आहे. पण गॅरेजमध्ये मेकॅनिकने ‘काय होतंय?’ विचारलं की यातला एकही जिभेवर येत नाही. मी म्हटलं, “थांबली की थरथरते आणि सोडली की ओढत नाही.”

“मिसिंग करते का?”

“नाही, सगळं जागेवर आहे,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं ते शब्दांत सांगण्यासारखं नाही. गाडीच्या दुनियेत ‘मिसिंग’ म्हणजे काही हरवणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. एखाद्या सिलिंडरची पाळी आली आणि त्याने ती चुकवली, पेट्रोल आलं, हवा आली, पण भडका उडालाच नाही, की गाडी मिसिंग करते. मग मला खुणांनी आणि तोंडाने आवाज काढून दाखवावा लागला. दोन्ही हात स्टिअरिंगवर धरल्यासारखे पुढे करून मी सगळं अंग हलवलं, मध्ये दोन उचक्या दिल्या आणि शेवटी एक खोल हुंदका. शेजारच्या गाडीखाली आडवा झालेला पोरगा बाहेर येऊन बघून गेला.

एवढं झाल्यावर मेकॅनिकने गाडी चालू केली, तर ती शहाण्यासारखी उभी. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ८०० वर चिकटवल्यासारखा. दवाखान्याच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो, त्यातलाच प्रकार. (यामागे गाडीचा खवचटपणा नव्हता, हे पुढे समजलं. कमकुवत झालेली इग्निशन कॉईल, म्हणजे भडक्याच्या ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, बऱ्याचदा तापल्यावरच दगा देते, आणि मी नंबर लागायची वाट बघत बसलो तेवढ्या वेळात ती निवली होती.) “काही नाही हो, चालवा,” असं सांगून त्याने मला वाटेला लावलं. तिसऱ्या सिग्नलला चष्मा पुन्हा माझ्याकडे निघाला.

यानंतर सल्लागार जमले. शेजारी म्हणाले, पेट्रोल खराब. काका म्हणाले, आमच्या कार्बोरेटरच्या काळात हे असलं काही नव्हतं, एक स्क्रू पाव फेरा पिळला की इंजिन भजन म्हणायला लागायचं. मेहुण्याने व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थच नव्हता. त्याने एक छोटं यंत्र आणून दिलं. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ते खुपसायचं आणि गाडीचं मन मोबाइलवर वाचायचं. गाडीच्या मनात ‘पी०३०२’ होतं. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर पाळी चुकवतोय. शेवटचा आकडा शून्य असता, पी०३००, तर कुठलाही सिलिंडर वाटेल तेव्हा दांडी मारतोय असा अर्थ झाला असता. त्या मानाने माझं बरं होतं, कामचुकार एकच होता आणि त्याचा हजेरी क्रमांकही मिळाला होता.

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण त्याने माझा गाडीकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला. इंजिन उभ्या उभ्या मिनिटाला ८०० फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. चार सिलिंडरांचे मिळून १६०० भडके. त्यातले ४०० गायब झाले की थरथर होणारच. आणि एवढ्या कमी वेगात इंजिन जेमतेम स्वतःला फिरवण्यापुरतीच ताकद काढत असतं, गाठीला काही नसतं. वेग असला की एखादी चूक फिरत्या चाकांच्या वजनात खपून जाते. थोडक्यात, काहीही न करता शांत उभं राहणं हे इंजिनाचं सगळ्यात नाजूक काम आहे. आमच्या ऑफिसात हे कित्येकांना सहज जमतं.

यंत्राने दोन नंबरकडे बोट दाखवल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने दोन नंबरचा प्लग आणि कॉईल बघितली असती. मी थ्रॉटल बॉडी साफ करायला घेतली. कारण मेहुण्याने बघितलेल्या व्हिडिओत ती साफ करून एक माणूस फार समाधानी दिसत होता.

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनाचं नाक. हवा तिथून आत जाते, मध्ये एक गोल झडप असते आणि तिच्या कडेला वर्षानुवर्षं काजळीसारखा काळा थर साचतो. झडप मिटलेली असताना कडेच्या केसाएवढ्या फटीतून इंजिन श्वास घेतं, ती फट बुजली की त्याचा जीव घुसमटतो. शास्त्र बरोबर होतं. प्रश्न हातांचा होता. हवेचा जाड पाईप काढायला क्लॅम्प सैल करायचा, तर क्लॅम्पचा स्क्रू अशा कोनात की तिथे फक्त लहान मुलाचा हात जाईल, आणि लहान मुलाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊ नये असं आपणच सांगत आलेलो. शेवटी मी कोपर कुठेतरी टेकवून, गाल बॅटरीवर ठेवून, जीभ बाहेर काढून तो सोडवला. जीभ बाहेर काढल्याशिवाय अवघड स्क्रू निघत नाही, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. फडकं काळं होईपर्यंत पुसलं. सगळं परत बसवलं. एक वॉशर उरला, तो खिशात ठेवला.

गाडी चालू केली आणि काटा जत्रेतल्या पाळण्यासारखा वर-खाली व्हायला लागला. ५५० ला जाऊन बंद पडतेय असं वाटायचं तोवर ११०० ला उडी. आणि एक नवाच आवाज. मेहुणा म्हणाला, “साफ केल्यावर गाडीतला कॉम्प्युटर झडप नव्याने शिकतो, थोडा वेळ द्या.” हे खरंच असतं. मी चार दिवस दिले. कॉम्प्युटर काही शिकला नाही, उलट पी०३०२ च्या जोडीला त्याने पी०१७१ काढून ठेवला, म्हणजे हवा फार, पेट्रोल कमी. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण तो जपायला बघत असतो, आणि ते कुठूनतरी बिघडत होतं. “ऑक्सिजन सेन्सर बदला,” मेहुणा म्हणाला. धुरातला ऑक्सिजन मोजून हे प्रमाण कॉम्प्युटरला कळवणारा तो भाग.

मग एका चढावर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. तो नुसता लागलेला असला तर सवडीने बघितलं तरी चालतं. लुकलुकला की गाडी हळू घेऊन बाजूला लावायची, कारण न जळलेलं पेट्रोल धुराड्याच्या वाटेने धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि ते महागडं प्रकरण भाजून निघतं. मी बाजूला घेतली. मागून एक सायकलवाला पुढे निघून गेला. खरं तर तो त्याआधीपासूनच मला गाठत आला होता.

दुसऱ्या गॅरेजातले मिस्त्री वयस्कर होते. मी नक्कल करायला हात वर केले तर म्हणाले, “साहेब, तुम्ही बसा. तिलाच बोलू द्या.” इंजिन गरम होऊ दिलं. मग दोन नंबरची कॉईल काढून तीनवर लावली आणि तीनची दोनवर. जुना कोड पुसला, गाडी थोडी फिरवून आणली. पी०३०३. आजार कॉईलबरोबर सरकला होता, म्हणजे प्लगही निर्दोष आणि सिलिंडरही. दहा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी एकही नवा भाग लागला नव्हता. मी विचारलं, चढावरच जास्त का अडखळायची? तर म्हणाले, जोर लावला की आत हवा-पेट्रोल दाटून भरतं, त्या दाटीतून ठिणगी उडवायला कॉईलला जास्त ताकद लागते. मरतुकडी कॉईल सपाटीला निभावून नेते, चढाला हात टेकते. हे मला चटकन पटलं. माझंही तसंच आहे.

नवी कॉईल बसली. गाडी अशी उचलली की मी मागे सीटला चिकटलो. पण परत येऊन उभी केली तर पाळणा चालूच.

“ऑक्सिजन सेन्सर असेल,” मी जाणकाराच्या सुरात म्हणालो.

“तो बिचारा खरी तक्रार करतोय. तक्रार करणाऱ्यालाच बदलायचं?” असं म्हणत मिस्त्रींनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानात घातलं आणि दुसरं इंजिनावर फिरवायला लागले. अगदी डॉक्टर. मी उगाच श्वास रोखून धरला. थ्रॉटलच्या मागे नळी पोचली आणि ते थांबले. “आवाज ऐकला होता का घरी?”

“हो. जरासा फुस्स.”

“फुस्स की फिस्स?”

मी डोळे मिटून आठवलं. “फिस्स.”

“मग असं सांगायचं ना!” म्हणत त्यांनी करंगळीएवढ्या एका पाईपाच्या तोंडावर बोट ठेवलं आणि काटा जागच्या जागी, ८०० वर शांत झाला. दुखण्यावर नेमकं बोट ठेवणं हा वाक्प्रचार मी शाळेत पाठ केला होता, त्याचं प्रात्यक्षिक पहिल्यांदा बघितलं. पाईप अर्धवट निघालेला होता. झडप मिटलेली असताना तिच्या मागे इंजिन जोरात हवा खेचत असतं, त्या फटीतून चोरवाटेने हवा आत जात होती आणि कॉम्प्युटरच्या वहीत तिची नोंदच नव्हती. ॲक्सिलरेटर दाबला की मुळात इतकी हवा आत येते की ही चोरी दिसत नाही. म्हणून सगळं नाटक उभं असतानाच.

“हा आपोआप निघत नाही,” मिस्त्री म्हणाले. “इथे कुणीतरी कोपर टेकवलंय.”

मी लांबवर बघितलं. खिशातला वॉशर चाचपला. “पहिल्या गॅरेजवाल्याने असेल,” असं म्हणणार होतो, पण त्याने बॉनेटही उघडलं नव्हतं, आणि माझ्या गालावर बॅटरीच्या झाकणाचा वळ अजून पुसट दिसत होता.

मिस्त्रींनी जॉब कार्डावर सुवाच्य अक्षरात दोन ओळी लिहिल्या. ‘दोन नंबरची कॉईल बदलली. मालकाने काढलेला पाईप बसवला.’

“मिस्त्री,” मी आवाज खाली आणून म्हटलं, “यातला ‘मालकाने’ एवढा शब्द काढता येईल का? कार्ड मेहुणा बघणार.”

त्यांनी क्षणभर विचार केला, पेन उचललं, शब्द नीट खोडला आणि त्याच्या वर लिहिलं, ‘साहेबांनी’.