समसमान वाटणी

माझ्या गाडीचा दुसरा गिअर गेल्या जून महिन्यात कुरकुरू लागला आणि पहिले तीन आठवडे तो आवाज रस्त्याचा आहे, असेच मी समजत होतो. पुण्यात असा समज कोणाचाही होऊ शकतो. चौथ्या आठवड्यात कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला पहिल्यातून दुसरा टाकताना असा काही खर्रर्र आवाज झाला की शेजारच्या रिक्षावाल्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. पुण्याच्या रिक्षावाल्याला आपली दया यावी, यावरूनच प्रकरण हाताबाहेर गेले आहे हे मी ओळखले.

गाडी हॉट हॅचबॅक जातीची आहे. १९७६ साली जर्मनीत गोल्फ जीटीआय विक्रीला आली आणि घरगुती, आखूड गाडीत दांडगे इंजिन बसवण्याचा हा प्रकार जगभर बोकाळला. भाजीची पिशवी आणि शर्यतीचे स्वप्न एकाच डिकीत नेण्याची मध्यमवर्गाची सोय झाली. माझी गाडी दुसऱ्या हाताची आहे. पहिल्या हाताने तिला ताम्हिणी घाटात काय काय करायला लावले असेल, याचा विचार मी घेताना केला नव्हता. त्यात भर माझ्या रोजच्या प्रवासाची. कोथरूडहून स्वारगेटला जाताना पाचापैकी पहिले दोनच गिअर नोकरीवर असतात, उरलेले तिघे निवृत्तिवेतन घेतात.

अधिकृत सेवाकेंद्रातल्या तरुणाने गाडी चालवून न पाहताच सांगितले, की आम्ही गिअरबॉक्स खोलत नाही, बदलतो. त्याने उच्चारलेल्या रकमेत माझ्या वडिलांनी आयुष्यातली पहिली सदनिका घेतली होती. मी नाना पेठेकडे वळलो. तिथे सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करता करता एका बोळातल्या मिस्त्रींपर्यंत पोहोचलो. त्यांनी गाडी घोडीवर चढवली, गिअरबॉक्सचा खालचा प्लग काढला आणि पातेले पुढे सरकवले. तेल करड्या चंदेरी रंगाचे होते, कोणी त्यात चमचाभर अभ्रक ढवळावे तसे. प्लगच्या टोकावरच्या चुंबकाला लोखंडाच्या कणांची मऊ मिशी आली होती. मिस्त्रींनी ती चिमटीत चुरली.

“ही राख. ही प्रत्येक गाडीत निघते,” ते म्हणाले. मग त्याच चिमटीतून तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा एक तुकडा वेगळा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. “आणि हा दात.”

दुधाचा दात पडल्यावर लहान मूल ज्या नजरेने तळहाताकडे पाहते, त्या नजरेने मी पाहत राहिलो.

सुमारे चाळीस किलोचा तो ऐवज दोन दिवसांनी फळकुटावर उलगडला गेला. दोन निरनिराळ्या वेगांनी फिरणारे भाग गुंतण्यापूर्वी त्यांचे वेग जुळवून देण्याचे काम सिंक्रो नावाची पितळी कडी करते. माझ्याकडची कडी इतकी झिजली होती, की तिने मध्यस्थी केव्हाच सोडली होती आणि दोन्ही पक्ष थेट एकमेकांच्या दातांवर आले होते. कडी, गिअर, बेअरिंगे, सील एवढ्यावर भागले असते. पण मिस्त्रींनी कपाळावरचा घाम बाहीने पुसत मराठी भाषेतले सर्वांत महागडे चार शब्द उच्चारले : “आता खोललंच आहे तर...”

आमच्या स्वयंपाकघराची फरशी याच चार शब्दांमुळे दिवाणखान्यापर्यंत गेली होती. तरीही मी “काय?” असे विचारले.

त्या रात्री मी बाबांना मिस्त्रींनी सुचवलेले लिमिटेड स्लिप डिफरन्शियल समजावून सांगत होतो. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक असल्याने त्यांना काहीही समजावणे ही परीक्षाच असते. गणेशोत्सवात लेझीमचे पथक चौकात वळते, तेव्हा आतला गडी जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा धावतो. गाडीच्या चाकांचेही तसेच. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल तर एका पूर्ण प्रदक्षिणेत बाहेरचे चाक सुमारे ९.४ मीटर जास्त चालते, मग वर्तुळ लहान असो की मोठे. बाबांनी हे विजेच्या बिलामागे पडताळून पाहिले आणि मान डोलावली. चाकांना अशी वेगवेगळी चाल देणारी यंत्रणा म्हणजे डिफरन्शियल. पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने १८२० च्या दशकात ती वाफेच्या गाडीसाठी योजली होती. तिचा दोष एवढाच, की ती दोन्ही चाकांना जोर समसमान वाटते आणि समसमान म्हणजे दुबळ्याला पेलेल तेवढाच. एक चाक चिखलात घसरले की दुसऱ्याच्या वाट्यालाही तेवढाच क्षीण जोर येतो आणि इंजिनाची सारी मेहनत घसरणाऱ्याच्या फुगडीत जाते.

“नव्यात तिरकस दातांचे गिअर असतात,” मी म्हणालो. “जोर आला की ते पिंजऱ्याच्या भिंतीवर रेलतात आणि त्या घर्षणामुळे पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या अडीचपटीपर्यंत जोर मिळतो.”

“दुसऱ्याला काहीच मिळत नसेल तर?” बाबांनी विचारले.

तसे फक्त चाक हवेत गेल्यावर होते, ते शर्यतीच्या मैदानावर घडते आणि पुण्यात कोणी तशी गाडी चालवत नाही, असे मी त्यांना जरा मोठ्या आवाजात सांगितले.

तो पिंजरा इंग्लंडहून आला. सीमाशुल्काबद्दल मी घरात आजही मोघमच बोलतो. जुन्या डिफरन्शियलवर क्राउन व्हील हे मोठे दातेरी चाक रिव्हेटांनी ठोकलेले निघाले. ते रिव्हेट भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिलने पाडून त्यांच्या जागी बोल्ट बसवले. मग शिमा. बेअरिंगवर नेमका दाब यावा म्हणून घालायच्या या पातळ चकत्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात आणि मिस्त्रींनी त्या चार वेळा घातल्या, चार वेळा काढल्या. तेलावरून आमचे भांडण झाले. मी जास्त आकड्याचे म्हणून जीएल-५ नेले होते. त्यातली गंधकाची द्रव्ये पितळेला बाधू शकतात, असे सांगून त्यांनी डबा मला परत दिला आणि जीएल-४ मागवले. सहा आठवडे मी पीएमपीच्या बसने फिरलो. माझ्यापेक्षा जास्त पगार घेणारे सहकारी मला “गाडी कुठं आहे?” असे रोज विचारत.

गाडी मिळाली त्या रविवारी पहाटे मी कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. ओल्या वळणातून बाहेर पडताना पाय दाबला आणि गाडी बाहेर न फेकली जाता, कोणी नाकात वेसण घालून ओढावी तशी वळणाच्या आत खेचली गेली. मी गाडीत एकटाच असूनही मोठ्याने “वा!” म्हणालो.

साडेआठला परतलो तेव्हा, सहा वाजता अखंड असलेली आमची गल्ली कोणत्यातरी वाहिनीसाठी आडवी खणलेली होती. चरावर टाकलेल्या पत्र्यावरून एका माणसाने “या, या” असे हात करून मला बोलावले. मी गेलो. पत्रा सरकला आणि पुढचे डावे चाक चरात अधांतरी लटकले. उजवे कोरड्या डांबरावर भक्कम उभे होते. मी पाय दाबला. डावे चाक गरगर फिरले. उजवे शांत राहिले.

सज्जातून बाबा खाली आले. त्यांनी वाकून लटकलेले चाक पाहिले, चष्मा वर केला आणि वर्गात विचारावे तसे विचारले, “शून्याच्या अडीचपट किती?”

खणणारे चौघे फावडी टाकून गाडीला भिडले. त्यांतला एक वयस्क काचेवर टकटक करून म्हणाला, “साहेब, दुसरा टाका, दुसरा.”

मी टाकला. कसलाही आवाज न करता पडला.